रुमालाखालचा हात

भूपालअण्णा गुरुवारी गेले. सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी त्यांच्या मुलाचा, संजयचा, फोन आला. "सर, अण्णा गेलं," तो म्हणाला. कधी, असं मी विचारलं. "पहाटं," तो म्हणाला. मी वाचनालयाच्या रजिस्टरवर सही केली, किल्ल्या शिपायाकडे दिल्या आणि सांगलीहून एसटीनं आष्ट्याला गेलो. दुपारी दोनपर्यंत सगळं झालं. घरी येऊन चेलो पेटीतून काढला, खुर्चीवर बसलो, गज हातात घेतला. वाजवला नाही. परत पेटीत ठेवला.

चेलो म्हणजे व्हायोलिनचा थोरला भाऊ. बसून, दोन गुडघ्यांच्या मध्ये धरून वाजवतात. आमच्या भागात तो वाजवणारी मला तीनच माणसं माहीत होती. साताऱ्याचे सुभेदार, मी आणि अण्णा. सुभेदार आमचे गुरू. राहिलो आम्ही दोघं. त्यात अण्णा माझ्यानंतर आठ वर्षांनी शिकायला लागले, माझ्याहून कमी वेळ बसले आणि माझ्याहून चांगलं वाजवत होते. हे वाक्य सरळ लिहायला मला बरीच वर्षं लागली.

ज्याचा आपण हेवा करतो त्याच्याकडे आपण फार बारकाईनं बघतो. त्यामुळे अण्णा मला पाठ आहेत. उंची बेताची, अंगात पांढरा शर्ट, डोक्याला टोपी नाही. शर्टाच्या खिशात एक पेन आणि एक हळकुंड. सांगलीच्या मार्केट यार्डात त्यांचं हळदीचं अडत दुकान होतं आणि घर आष्ट्याला. बोटं कायम पिवळी, नखांच्या कडा तर काविळीसारख्या. लग्नकार्यात कुणी जेवायला वाढताना त्यांच्या हाताकडे बघितलं की ते म्हणत, "वाढा की. हळद बाधत न्हाई कुणाला." जैन असल्यानं कांदा, बटाटा, गाजर काही खात नसत आणि दिवस मावळायच्या आत जेवत. सुभेदारांनी एकदा चिडवलं होतं, "अण्णा, जमिनीखालचं खात नाही म्हणता, मग हळद कशी चालते?" अण्णा शांतपणे म्हणाले, "वाळली की चालतीया, साहेब. तुमच्यासारखी." सुभेदार अंगानं अगदी वाळलेले. त्यांना हसताना ठसका लागला.

ते आमच्या वाचनालयाचे सभासद होते. दर शनिवारी येऊन प्रवासवर्णनं न्यायचे. स्वतः श्रवणबेळगोळच्या पलीकडे गेलेले नव्हते, पण कुठल्या देशात चहात मीठ घालतात हे त्यांना माहीत असे. एका सुट्टीच्या दिवशी मी मागच्या खोलीत वाजवत बसलो होतो. घरी शेजारी तक्रार करत, म्हणून मी तिथं बसायचो. दार वाजलं नाही, पण कुणीतरी उभं आहे असं वाटून वर बघितलं, तर अण्णा पुस्तक छातीशी धरून उभे.

"काय म्हणायचं ह्येला, सर?"

"चेलो."

"हात लावू?"

त्यांनी हात लावला नाही, कान लावला. लाकडाच्या पाठीला कान टेकवून म्हणाले, "वाजवा की." मी एक लांब सूर धरला. तो संपला तरी ते तसेच वाकलेले.

"बाई बोलल्यागत बोलतंय," ते म्हणाले. "पर अजून जरा वल्लं हाय."

"ओलं म्हणजे?"

त्यांनी खिशातलं हळकुंड काढलं आणि माझ्या कानाजवळ मोडलं. टणकन आवाज झाला, काशाची वाटी पडावी तसा. "ह्ये वाळल्यालं. वल्लं आसलं की नुसतं वाकतंय, बोलत न्हाई. तुमचा सूर वाकतोय."

मी त्या वेळी हसलो. राग संध्याकाळी आला. आला, कारण ते खरं होतं आणि सुभेदार तेच आठ वर्षं वेगळ्या शब्दांत सांगत होते.

गोष्ट अशी होती. चेलोवर लांब सूर धरताना डाव्या हाताचं बोट तारेवर रोवायचं आणि कोपरापासून हात किंचित मागंपुढं झुलवायचा. त्यानं सूर काठीसारखा ताठ राहत नाही, श्वास घेतल्यासारखा हलतो. सुभेदार त्याला व्हायब्रेटो म्हणत. ते लष्कराच्या बँडमध्ये तीस वर्षं होते, मूळचे औंधजवळच्या एका गावचे, निवृत्त होऊन साताऱ्याच्या सदर बझारात राहायला आले होते. हात मोकळा असेल तरच हे झुलवणं जमतं. अंगठ्यानं मागून चेलोची मान आवळली, खांदा वर चढला, की हात झुलत नाही, थरथरतो. माझा थरथरायचा. सुभेदार समोर उभे राहून कवायतीतल्यासारखी आज्ञा द्यायचे, "शिराळकर, विश्राम." खांदा खाली यायचा. दोन क्षणांनी पुन्हा वर. त्यांनी मला एक पत्र्याची डबी दिली होती, आत ज्वारीचे दाणे. ती बोटांत धरून हलवायची, एका लयीत, ढिल्या हातानं. मी रोज रात्री जेवणानंतर ती हलवायचो. मनगटाच्या हाडांवर दोन पुस्तकं वाचली. कुठला स्नायू कुठं चिकटतो हे मी आजही सांगू शकतो. दाणे कधी एका लयीत वाजले नाहीत.

"मला कोण शिकवील?" अण्णांनी विचारलं होतं.

"साताऱ्याला एक सुभेदार आहेत."

"न्या की मला."

म्हणजे मीच त्यांना घेऊन गेलो.

तोवर मी चेलो घेऊन एसटीनं जायचो. कंडक्टर विचारायचा, ह्येचं तिकीट अर्धं का पुरं? अण्णा आल्यावर आम्ही त्यांच्या व्हॅननं जायला लागलो. मागं पोत्यांच्या जागी दोन चेलो गोधडीत गुंडाळून ठेवलेले, त्यांना दोरी बांधलेली. व्हॅनभर हळदीचा वास. पुढच्या सहा वर्षांत माझ्या पेटीलाही तो लागला. अण्णांचा चेलो साधा होता, पुण्याहून मागवलेला, त्याची तारांखालची घोडी पहिल्याच महिन्यात तिरकी झाली. ती नीट करायला ते मिरजेला सतारी बनवणाऱ्या एका कारागिराकडे गेले. तो म्हणाला, "अण्णा, हिचा भोपळा कुठं विकलासा?" हे अण्णा सगळ्यांना सांगत. स्वतःवरचे विनोद सांगायला त्यांना आवडायचं. मला ते कधी जमलं नाही.

तिसऱ्या महिन्यात ते घडलं. अण्णांना अजून चार सूर सरळ लावता येत नव्हते. गज तिरका फिरायचा, बसणं बेंगरूळ. सुभेदार म्हणाले, "बोट ठेवा आणि तार पुसल्यासारखा हात वरखाली घसरू द्या. मग घसरणं कमी कमी करत जा. शेवटी बोट जागेवर, हात चालू." अण्णांनी दोनदा लांब पुसलं. मग थोडं. मग बोट थांबलं आणि हात झुलत राहिला. पाळणा सोडून आई उठून जावी आणि तो आपल्या आपण हलत राहावा, तसा. खोलीत तो सूर भरला.

सुभेदार वळले. आत गेले आणि बायकोला बाहेर घेऊन आले. "हे ऐक," म्हणाले. आठ वर्षांत त्यांनी माझ्यासाठी वहिनींना फक्त चहा सांगायला हाक मारली होती.

"अण्णा, कुणी शिकवलं हे?"

"आवं साहेब, आमचा धंदाच हाताचा." अण्णा गज मांडीवर ठेवून सांगायला लागले. "पूर्वी यार्डात सौदा तोंडानं हुईत नव्हता. अडत्या आन घेनारा, दोघांचं हात रुमालाखाली. कुठलं बोट धरलं, किती धरली, त्येच्यावर भाव. भवतीनं पन्नास मानसं हुबी, पर कुनाला काय कळायचं न्हाई. आता उघड बोली असती, ती रीत ग्येली. पर माझा हात तवाचा हाय."

"त्याचा ह्याच्याशी काय संबंध?" मी विचारलं. माझा आवाज मला ऐकू आला.

"गरजवंताचा हात आवळतोय, सर. ज्येला माल पायजेच, त्येचं बोट आधी सांगतंय. म्हनून बापानं मला भाव शिकवायच्या आधी हात सोडायला शिकीवलं. रोज सांजच्याला रुमाल टाकायचा, माझा हात धरायचा आन कायबाय भाव लावायचा. बोट जरा आवळलं की टाळक्यात टपली."

सुभेदार माझ्याकडे वळले. "ऐकलंत, शिराळकर? आठ वर्षं मी हेच सांगतोय. फक्त टपली मारायची राहिली."

सगळे हसले. मीही हसलो. परतताना अण्णांनी कऱ्हाडच्या पुढं व्हॅन थांबवून डबा उघडला, भाकरी, मुगाची उसळ, शेंगदाण्याची चटणी, आणि मला अर्धी भाकरी दिली. "तुमी मनावर घेऊ नगा, सर. साहेबांनी मस्करी क्येली." त्यांना कळलं होतं. त्यांना कळलं याचाच मला जास्त त्रास झाला.

त्यानंतरची वर्षं मी त्यांच्याबरोबर महिन्यातून दोन रविवार गेलो-आलो. बाहेरून बघणाऱ्याला आम्ही मित्र दिसत असू. होतोही. आष्ट्याला त्यांच्या घरी मी दिवाळीत फराळाला जायचो. माझी बहीण वारली तेव्हा ते तीन दिवस दुकान संजयवर सोडून माझ्याकडे येऊन बसत. पुस्तक वाचत. हेवा वाटायला माणूस वाईट असावा लागतो असं नाही. वाईट असता तर मला सोपं गेलं असतं.

ते स्वरलिपी शिकले नाहीत. "त्या पाच रेघांवर मुंग्या चढल्यात," म्हणत. म्हणून सुभेदार जे देत ते मी त्यांना सारेगममध्ये लिहून द्यायचो, वाचनालयाच्या जुन्या सूचीकार्डांवर. आता सूची संगणकावर आहे, कोरी कार्डं गठ्ठ्यानं पडून आहेत. माझं अक्षर चांगलं आहे. अण्णा कार्डं दोरा घालून बांधत आणि म्हणत, "सरांचं अक्षर बघूनच सूर लागतोय." ही एकच गोष्ट माझ्याकडे होती जी त्यांच्याकडे नव्हती.

सुभेदारांना पंचाहत्तर पूर्ण झाली तेव्हा त्यांच्या गावच्या माजी सैनिकांनी शाळेच्या हॉलमध्ये कार्यक्रम ठरवला. सुभेदार म्हणाले, हारतुरे नकोत, माझे दोन विद्यार्थी वाजवतील. संध्याकाळी झेंडा उतरवताना बँड वाजवतो ती धून त्यांनी दोन चेलोंसाठी बसवली. एकानं वरची धून वाजवायची, दुसऱ्यानं खालून आधार द्यायचा. वरची मला मिळणार यात मला शंका नव्हती. चौदा वर्षं मी त्यांच्याकडे येत होतो.

"वर अण्णा," सुभेदार म्हणाले. "खाली तुम्ही. खालचं काम अवघड आहे, शिराळकर. ताल ढळता कामा नये."

अवघड काम देऊन माणसाची समजूत काढायची ही लष्करी रीत मला कळत होती. मी "हो" म्हणालो.

कार्यक्रमाच्या आठ दिवस आधी त्यांचा फोन आला. शेवट बदललाय, कागद पाठवतो, अण्णांना तुमच्या सारेगममध्ये लिहून द्या, आता थेट गावातच भेटू. नव्या शेवटाची मी सात कार्डं लिहिली. चौथ्या कार्डावर तो सूर होता ज्याच्यासाठी सगळी धून चाललेली असते, सहा मात्रांचा लांब गंधार. कोमल. ग खाली आडवी रेघ दिली की तो कोमल होतो, किंचित उतरतो. रेघ नसली तर शुद्ध.

मी रेघ द्यायला विसरलो. इथवर ती चूक होती. कार्डं तपासताना ती माझ्या लक्षात आली. पेन हातात होतं. मी पेनाला टोपण लावलं.

मी स्वतःला काय सांगितलं तेही लिहितो. अण्णांचा कान एवढा चांगला आहे तर ते ओळखतील, असं सांगितलं. आणि त्याच्या खाली दुसरं होतं. नाही ओळखलं तर सगळ्या गावासमोर कळेल की मोकळा हात म्हणजे सगळं नाही.

हॉल भरला होता. पुढच्या दोन रांगांत गावचे निवृत्त जवान, इस्त्रीचे शर्ट, काहींच्या छातीवर पदकं. आम्ही चेलो काढले तसा एकजण म्हणाला, "सुबेदार, येवढं दांडगं व्हायलिन, खांद्यावर कसं घ्यायचं?" दुसरा म्हणाला, "गप रं गड्या, ते बसून भांडायचं हत्यार हाय." मग सुभेदारांनी हात वर केला आणि आम्ही सुरू केलं.

तिसऱ्या-चौथ्या ओळीला पुढच्या रांगेतला एक म्हातारा उठून उभा राहिला. हात शरीराला चिकटलेले. त्याच्या शेजारचा उठला. मग दोन्ही रांगा. कुणी सांगितलं नव्हतं. झेंडा उतरताना ते आयुष्यभर जसे उभे राहिले तसे उभे राहिले. मी खालचे सूर देत होतो आणि चौथं कार्ड येत होतं.

अण्णांचं बोट शुद्ध गंधारावर पडलं, मी लिहिलं होतं तिथंच. माझा खालचा सूर कोमलचा होता. दोन सूर एकमेकांवर घासले. आणि अण्णांचं बोट तिथं थांबलंच नाही. माझं असतं तर चुकीच्या जागेवर आवळून बसलं असतं. त्यांचा हात झुलतच होता, झुलता झुलता बोट खाली ओघळलं, कोमल गंधारावर आलं आणि तिथं हेलकावत राहिलं. पूर्ण सहा मात्रा. वरून काहीतरी सोडून द्यावं आणि ते हलकेच खाली यावं, तसं. पहिला उठलेला म्हातारा तोंड न पुसता रडत होता.

कार्यक्रम संपल्यावर सुभेदार आले. डोळे लाल. "अण्णा, त्या गंधारावर वरून उतरलात, ती मींड माझ्या कागदात नव्हती. कुणी दिली?"

अण्णा गजाचे केस ढिले करत होते. मान वर न करता म्हणाले, "सरांनी लिवून दिली."

"शिराळकर," सुभेदार म्हणाले आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. चौदा वर्षांत पहिल्यांदा. मी चेलो पेटीत ठेवायला वाकलो.

परतताना अण्णा गाणं गुणगुणत गाडी चालवत होते. दिवस मावळायच्या थोडं आधी त्यांनी रस्त्याकडेच्या एका चहाच्या टपरीशी व्हॅन थांबवली, डबा संपवला, हात धुतले. मी बाकावर बसलो होतो. ते शेजारी येऊन बसले. खिशातून रुमाल काढला, पिवळा पडलेला.

"सर, हात द्या."

"कशाला?"

"द्या की. एक सौदा करू."

त्यांनी माझा डावा हात घेतला, वर रुमाल टाकला. त्यांचा हात कोरडा होता आणि त्याला वजन नव्हतं. "मी बोलतो. तुमी गप ऱ्हायचं."

टपरीवाला स्टोव्हला पंप मारत होता.

"आज मी वर वाजीवलं, तुमी खाली वाजीवलं."

माझं बोट जागच्या जागी होतं.

"चौदा वर्षं तुमी येतासा, आन साहेबांनी मला वर बसीवलं."

माझं बोट थोडं हललं.

"चौथं कार्ड," अण्णा म्हणाले.

माझं बोट मिटलं. मी मिटलं नाही, ते मिटलं. त्यांचं बोट मी घट्ट आवळून धरलं होतं आणि मला ते सोडता येत नव्हतं. ते तसेच बसून राहिले, त्यांचा हात जसा होता तसाच, मोकळा. बऱ्याच वेळानं माझी पकड सुटली. त्यांनी रुमाल उचलून चार घड्या घातल्या आणि खिशात ठेवला.

"झाला सौदा."

"अण्णा, मी..."

"रुमालाखालचं भाईर काढत न्हाईत, सर. आमच्यात रीत हाय." मग टपरीवाल्याला म्हणाले, "सरांना च्या दे रं. साखर जरा जास्त."

मला त्यांचा राग आला, हे खरं सांगितलं पाहिजे. ते भांडले असते तर मी भांडलो असतो. सुभेदारांना सांगितलं असतं तर मी साताऱ्याला जाणं सोडलं असतं आणि प्रकरण संपलं असतं. त्यांनी मला तसंच राहू दिलं. पुढच्या रविवारी व्हॅन माझ्या दाराशी सव्वासातला उभी होती, नेहमीसारखी. तो विषय त्यांनी पुन्हा कधी काढला नाही. ती धून मात्र ते पुन्हा पुन्हा वाजवायचे आणि त्या गंधारावर दर वेळी वरूनच उतरायचे.

दोन वर्षांपूर्वी त्यांची मूत्रपिंडं निकामी झाली. आठवड्यातून तीनदा सांगलीला डायलिसिस. त्यासाठी डाव्या हातात धमनी शिरेला जोडतात, सुया तिथंच टोचायच्या. त्या हातावर भार द्यायचा नाही असं डॉक्टरांनी सांगितलं आणि चेलो बंद झाला. मला बातमी कळली तेव्हा पहिल्या क्षणी काय वाटलं ते मी इथं लिहिणार नाही. दुसऱ्या क्षणी मी रडलो.

मी शेवटचा गेलो तेव्हा ते आष्ट्याच्या घरी पुढच्या सोप्यात खाटेवर होते. अंग उतरलेलं. बोटांवरची हळद गेली होती, ती इतर कुणाच्याही बोटांसारखी दिसत होती. मला बघून ते उशाला टेकून बसले.

"सर, हितं बोट ठिवा." डाव्या हाताची बाही त्यांनी वर केली. कोपराच्या खाली जाड झालेली शीर. मी बोट ठेवलं. आत एकसारखी थरथर होती, मऊ, न थांबणारी. लांब सूर धरल्यावर लाकडात लागते तशी.

"डुलतंय का न्हाई? ह्ये काय मी शिकलो न्हाई. डाक्टरनं बसीवलं." ते हसले. "आता गज न्हाई, तार न्हाई, नुसतं डुलनं ऱ्हायलं."

मी त्या दिवशी माफी मागायला गेलो होतो. वाक्यं एसटीत जुळवली होती. त्यांनी अंगावरच्या पांघरुणाचं टोक माझ्या हातावर ओढलं आणि खालून माझा हात धरला. मला वाटलं, आता काहीतरी विचारतील. त्यांनी तो नुसता धरून ठेवला. मग म्हणाले, "अजून घट्टच हाय, सर."

"हो," मी म्हणालो.

"हुईल. घाई नगा करू."

निघताना दारातून वळून बघितलं. ते डोळे मिटून पडले होते आणि उजव्या हाताची दोन बोटं त्यांनी डाव्या हाताच्या त्या शिरेवर ठेवली होती. ऐकत असावेत.

ते गेल्यावर महिन्यानं आष्ट्यात शोकसभा झाली. सुभेदार साताऱ्याहून जावयाच्या गाडीनं आले. त्यांना ऐकायला कमी येतं आता. मला म्हणाले, "शिराळकर, वरची धून तुम्ही वाजवा. खाली कुणी नाही, चालेल." मी वाजवली. गंधार आला तेव्हा थेट कोमलवर बोट ठेवलं. हात झुलवायचा प्रयत्न केला. लोकांनी शांतपणे ऐकलं. मागं कुणाचा तरी मोबाइल वाजला आणि त्यानं तो उचलला. सुभेदार म्हणाले, "सूर सगळे बरोबर होते."

संजयनं जाताना अण्णांचा चेलो माझ्या हाती दिला. घरात कुणी वाजवणारं नाही, तुमच्याकडं ऱ्हाऊ द्या, म्हणाला.

तो माझ्याकडे आहे. मानेच्या मागं, अंगठा टेकायचा तिथं, पिवळा डाग आहे. बोटभर लांब आणि फिकट, कारण तो अंगठा कधी एका जागी थांबला नाही. माझ्या चेलोवर त्याच जागी रंग उडून खळगा पडला आहे. अण्णांच्या पेटीच्या कप्प्यात सात कार्डं दोऱ्यात बांधलेली होती, ती तशीच आहेत. चौथ्या कार्डावरच्या ग खाली रेघ नाही. त्यांनी ती काढली नाही. मीही काढलेली नाही.